कोरडी बोंडं

धाकटे,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून चहाच्या डब्याला चिठ्ठी टेकवून ठेवतेय.

दारावर शोभेला लावायचं, वेली वळून केलेलं गोल कडं मी अर्धवट सोडून निघालेय. त्यावर बांधायला तू आणलेली पाइनच्या झाडाची बोंडं पाहून डोकं सणकलं. सकाळी पिशवी टाकून पळताना म्हणालीस, "ताई, आत्ता पावसात भिजत टेकडीवरून वेचली." अगं, पावसात बोंडं मूठ आवळल्यासारखी मिटतात. ही तर ठणठणीत कोरडी आणि टक्क उघडी. मला दुधखुळी समजलीस काय?

वर प्रत्येकाच्या देठावर तारेचा वळ. एकाला तर तार तशीच राहिलीय. दोन वेढे, आणि बोटाला लागू नये म्हणून टोक आत मुडपलेलं. असं आईशिवाय कोणी बांधत नाही. म्हणजे तू तिच्याकडे जातेस. जा की. भांडण माझं आणि तिचं आहे, तुझं नाही. मग चोरून कशाला?

खरी शंका वेगळीच आहे. ही बोंडं आईच्या दारावरच्या कड्यातली. थंडी सरेपर्यंत ती त्याला कुणाला हात लावू देत नाही. थंडी तर आत्ता कुठे पडतेय. मग ते उतरवून सोडवलं कुणी, आणि ती गप्प कशी बसली?

मी तिच्याकडेच निघालेय. तुझी खरडपट्टी नंतर काढीन. ती घरी नसेल तर तिला कुठल्या दवाखान्यात ठेवलंय, एवढं आधी फोन करून सांग.

बादलीत भिजवलेल्या वेली फेकू नकोस. हे कडं आता तिच्या दारावर लागेल.

ताई