वाहनतळावर पप्पांची खुर्ची

वुर्त्सबुर्ग, मंगळवार

प्रिय एल्के आत्या,

वाहनतळावर उभ्या असलेल्या घरगाडीतून खुर्ची किती बाहेर आली की त्याला मुक्काम म्हणायचं? प्रशासनशास्त्राची पदवी घेतली, आपल्या घराण्यातली पहिली पदवीधर म्हणून तू मला घड्याळ दिलंस, पण या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही, हे आधीच कबूल करते.

आता रीतीप्रमाणे विचारपूस. तुझा नवा गुडघा काय म्हणतो? जिना चढतेस का? आम्ही तिघं ठीक आहोत. तू विश्वासाने दिलेल्या गाडीवर ओरखडासुद्धा नाही (रोज सकाळी मी तिला प्रदक्षिणा घालून बघते).

तुला माहीतच आहे, सोमवारपासून मी इथल्या शहर सुव्यवस्था कार्यालयात रुजू होणार होते आणि सहा महिने माझी परीक्षा चालणार आहे. त्यात काही वावगं दिसलं तर कारण न देता घरी पाठवतात. मला सोडायला निघालेले पप्पा-मम्मी आणि मी रविवारी दुपारी पोचलो, तर द्राक्षमद्याच्या जत्रेमुळे घरगाड्यांचा तळ भरलेला. म्हणून माइन नदीकाठच्या साध्या वाहनतळावर थांबलो. हे नियमात बसतं. दमलेल्या चालकाने गाडीत एक रात्र झोपावं, कुणाची हरकत नसते. मात्र बाहेर संसार मांडायचा नाही. हे मी पप्पांना वाटेत तीनदा सांगितलं होतं.

पप्पांनी हातब्रेक ओढला आणि खुर्ची बाहेर काढली. मी म्हटलं, "पप्पा, आत घ्या." ते म्हणाले, "बत्तीस वर्षं लोकांच्या छपरांवर कौलं चढवली, विब्के. ही पाठ आता सरळ बसायला मागते. खुर्ची म्हणजे काय तंबू आहे?" तेवढ्यात मम्मीने दारात पायपुसणं टाकलं (बुटांनी आत येणारा माणूस तिला चोरापेक्षा वाईट वाटतो). पायपुसणं एकटं बरं दिसेना, म्हणून शेजारी जिरेनियमची कुंडी आली. मग चार वाजले. रविवारचे चार, म्हणजे कॉफी आणि केक. केक आलुबुखारचा, त्यावर गांधीलमाश्या, म्हणून टेबल सावलीत हवं, म्हणून तुझ्या गाडीचं बाजूचं कापडी छत उघडलं. आत्या, प्रत्येक पायरी इतकी समंजस होती की नेमकं कुठे ओरडायचं तेच मला कळलं नाही.

समोरच्या घराच्या खिडकीत उशीवर कोपरं टेकून एक आजोबा पहिल्यापासून बघत होते. नाव श्री. पफॉयफर. शेवटी ते वही घेऊन खाली आले. पप्पांनी काय करावं? "या, बसा, केक घ्या!" आजोबा बसले. दोन तुकडे खाल्ले, दुसऱ्यावर मलईही मागून घेतली. पप्पा छाती फुगवून म्हणाले, "ही आमची पोरगी. उद्यापासून तुमच्या सुव्यवस्था कार्यालयात!"

आजोबांनी मला चष्म्यावरून न्याहाळलं. "छान झालं. म्हणजे माझी तक्रार योग्य हातात पडेल."

"कसली तक्रार?"

"या खुर्चीची, छताची आणि कुंडीची. केक उत्तम होता हो, वहिनी. पण केक वेगळा, नियम वेगळा."

मम्मीने त्यांना तिसरा तुकडा कागदात बांधून दिला आणि ते गेल्यावर माझ्यावरच तापली, "मेली ती पदवी! घरात एकीला कायदा शिकवला आणि आता सुखाने कॉफी प्यायची सोय नाही." पप्पांनी मात्र खुर्ची मिटली आणि मला हळूच विचारलं, "माझ्यामुळे तुझ्या नोकरीला धोका नाही ना?" मी नाही म्हणाले. ते खरं होतं की नाही, मला ठाऊक नव्हतं.

काल सकाळी कार्यालयात माझ्या नव्या टेबलावर एकच कागद होता. तो कुणाचा, हे सांगायला नको. मी तशीच साहेबीण बाईंकडे गेले आणि सांगितलं, यातले आरोपी माझे वडील आहेत. त्या "पहिल्याच दिवशी?" एवढंच म्हणाल्या आणि फाईल शेजारच्या सहकाऱ्याला द्यायला सांगितली. ते रागाने होतं की हसू दाबून, हे मला अजून कळलेलं नाही. पप्पा-मम्मींपुढे यावर मी अवाक्षर काढलेलं नाही.

तुझी लाडकी (अजून तरी),
विब्के

ता. क. गाडी तुझ्या नावावर असल्यामुळे आठवडाभरात तुला आमच्या कार्यालयाचं समजपत्र येईल. त्यात गाडी कुणाच्या ताब्यात होती असं विचारलं असेल. पप्पांचं नाव लिही, खरं तेच लिही. मात्र फोनवर त्यांच्याशी बोलताना हवामानाचंच बोल.

ता. क. २. श्री. पफॉयफर यांनी गाडीच्या नंबरात तीनच्या जागी आठ लिहिला होता. तसंच राहिलं असतं तर समजपत्र भलत्याच बिचाऱ्याच्या घरी गेलं असतं आणि आपल्याकडे कुणी फिरकलंही नसतं. मी बरोबर नंबराची चिठ्ठी टाचली, खाली सही केली आणि मग फाईल पुढे दिली.