ब्रिगथॉर्पला जायचंय

९ मार्च १८९६
पुन्हा नकारच! आमच्या फुटबॉल क्लबचा सेक्रेटरी पॉम्फ्रेट, त्याच्या दारात टोपी हातात धरून उभा राहिलो, ही तिसरी खेप. म्हटलं, ब्रिगथॉर्पचा क्लब मला घ्यायला तयार आहे, बायकोही तिथेच आहे. सासरे अंथरुणाला खिळलेत, सहा महिने सेलिना त्यांचं सगळं करते. ती तिकडे, मी इकडे! पॉम्फ्रेट पाइप कोरत म्हणाला, "इनॉक, तुझी नोंद आमच्याकडे आहे. आम्ही सोडल्याशिवाय लीगमधल्या कुठल्याच क्लबकडून तू चेंडूला पाय लावू शकत नाहीस."

गिरणीत होतो तेव्हा आठवडाभर आधी सांगितलं की सुटत होतो. पगारी खेळाडू झालो आणि अडकलो. कुठून बुद्धी झाली!

१५ मार्च
आमचा गोलकीपर जेबेझ म्हणतो, मे महिन्यात यादी लागते — कुणाला ठेवायचं, कुणाला सोडायचं. "तुला कशाला सोडतील? निकामी झालेल्यांना सोडतात," म्हणून हसला. मला हसू आलं नाही. विचार करत बसलो.

२८ मार्च
केलं! मुद्दाम. साधे साधे पास समोरच्या संघाच्या पायात दिले. सेलिनाला कळवलं नाही. माझ्या खेळाचा तिला केवढा तोरा. हे कळलं तर माझं तोंड बघायची नाही.

४ एप्रिल
पुन्हा तेच. आपलेच लोक ओरडत होते — म्हाताऱ्याला घरी पाठवा! सत्ताविसाचा मी.

११ एप्रिल
आज हद्द केली. समोर मोकळा गोल, आणि चेंडू कुंपणाबाहेर. मग धावताना लंगडलोसुद्धा. पॉम्फ्रेटने मान फिरवली. जेबेझ मला टाळून एकटाच घरी निघून गेला. खूप वाईट वाटलं.

२ मे
यादी लागली. ठेवलेल्यांत माझं नाव नाही. सुटलो! सुटलो रे बाबा! लगेच ब्रिगथॉर्पच्या कमिटीला पत्र टाकलं. सेलिनालाही.

६ मे
सेलिनाचं पत्र. पॉम्फ्रेट मागेल ती रक्कम मोजून मला सोडवून न्या, अशा मिनतवाऱ्या तिने कमिटीकडे केल्या होत्या. अकरा एप्रिलच्या सामन्याला त्यांचा माणूस मला बघायला आला, हिलाही बरोबर घेऊन. मध्यंतरालाच तो उठला. मला ओशाळं वाटेल म्हणून ही न भेटताच परत गेली. आता कमिटी नको म्हणते. तिथल्या वीटभट्टीवर माझ्यासाठी काम बघून ठेवलंय तिने. शेवटी लिहिलंय, "पाय थकलेत तुझे, हे मला तरी सांगायचंस ना रे."