तिसऱ्या दिवसाचं हंबरणं

सर,

तुम्ही जाऊन तीस वर्षं होत आली. तुमच्याशी बोलायचं राहून गेलेलं एकच आहे, अक्कलकोटच्या खालच्या त्या गावातलं. आणीबाणी नुकतीच उठली होती. माझी नोकरी नवी होती, आणि गुरांची डॉक्टर म्हणून जीपमधून बाई उतरली की माणसं तंबाखू मळायची थांबून बघत राहायची. कृत्रिम रेतनासाठी वळूच्या वीर्याच्या नळ्या बर्फात घालून सोलापूरहून आठवड्यातून एकदाच यायच्या, आणि गाय काही आपल्या सोयीच्या वारी माजावर येत नाही. म्हणून तुम्ही खटपट करून ते परदेशी इंजेक्शन मिळवलं होतं. एका दिवशी टोचायचं, तिसऱ्या दिवशी सगळ्या एकदम माजावर. गाभण गायीला मात्र ते चालत नाही, गर्भ पडतो. म्हणून आधी प्रत्येकीच्या आत हात घालून तपासायचं काम तुम्ही माझ्यावर सोपवलंत.

चावडीपुढं गायी ओळीनं बांधल्यात. दुपार झालीय, माझा हात खांद्यापासून बधिर झालाय. शेवटची तांबडी गाय एका म्हातारीची. निम्मं मराठी, निम्मं कानडी बोलणारी ती, मला म्हणते, "बाई, ही गाभण असंल का गं? बघ की जरा." मी गायीच्या पाठीवर नुसता हात ठेवला. "नाही अव्वा, रिकामी आहे," म्हणाले आणि वहीत तसं लिहिलं. तुम्ही विचारलंत, "नीट बघितलीस?" मी म्हटलं, "हो सर." वहीत रिकाम्या लिहिलेल्या सगळ्यांना, तांबडीलाही, तुम्ही त्याच दुपारी टोचलंत.

तिसऱ्या दिवशी सकाळी ड्रायव्हरनं जीप गावाबाहेरच थांबवली. वारा नव्हता. रस्त्यावर माणूस नव्हतं. आणि साऱ्या गावातून एकच हंबरणं येत होतं. सगळ्या एकदम गप्प व्हायच्या, एकदम सुरू व्हायच्या, जणू आतून कुणी इशारा करत होतं. कुत्रीसुद्धा घरात शिरली होती. माणसं ओट्यावर बसलेली, पण कुणी आपली गाय पुढं आणेना. एकजण म्हणाला, "सायेब, हे बरं न्हाय. ज्येची त्येची येळ येगळी असती." तुम्ही हसलात, बाह्या दुमडल्यात आणि एकेकाची समजूत घालून गायींचं रेतन उरकलंत.

फक्त म्हातारीच्या गोठ्यातून आवाज नव्हता. तांबडी मान खाली घालून काहीतरी चाटत होती. मांजराएवढं, बिनकेसाचं, खूर मात्र पुरते उमटलेले. चाटता चाटता ती घशातल्या घशात हुंकार देत होती, जिवंत वासराला देतात तसा. चार महिन्यांचा गर्भ. हात घातला असता तर पोरासोरालाही कळलं असतं.

"तू बघितलीस न्हवं?" म्हातारीनं मला विचारलं. मी तोंड उघडायच्या आत तुम्ही तिच्यापुढं उकिडवे बसलात. "तिनं बरोबर बघितलं होतं, अव्वा. औषध देताना चूक माझी झाली."

परतताना जीपमध्ये तुम्ही एवढंच म्हणालात, "पुन्हा हात घातल्याशिवाय लिहू नकोस." उरलेली इंजेक्शनं परत गेली, दोन महिन्यांत तुमचीही बदली झाली.

पुढचं तुम्ही पाहिलं नाहीत. नऊ महिन्यांनी बाकीच्या गायी एकाच आठवड्यात व्यायल्या. मी गेले तेव्हा घराघरांतून वासरं ओरडत होती, आणि तांबडी खुंट्याला ताण देऊन प्रत्येक आवाजाकडं मान वळवत होती. आधी या घराकडं, मग त्या. म्हातारी हळूच म्हणाली, "तिला वाटतंय, तिचंबी ह्यांच्यातच कुटंतरी हाय." मला क्षणभर खरंच वाटलं, आता एक ओरडणं जास्तीचं ऐकू येईल. मी वासरं न मोजताच निघून आले.

हे पत्र टाकायला जागा नाही, असं नाही. तुमच्या घरच्या अजून बार्शीला असतात. गेल्या महिन्यात त्यांच्याकडं गेले होते, हे सांगायचं ठरवूनच. चहा देताना त्या म्हणाल्या, "यांच्या हातून नोकरीत एकदाच चूक झाली, बदलीच्या कागदावरून कळलं मला, पण स्वतः शेवटपर्यंत बोलले नाहीत त्याबद्दल."

मी म्हटलं, "चूक कुणाच्याही हातून होते, वहिनी." आणि चहा संपवून उठले.