पुस्तकात मेलेल्या आत्याचा कावळा

मस्कत, लाँड्रीच्या मागची खोली
शुक्रवार, सुट्टीचा दिवस

तीर्थरूप सुदाममामांस,

भाचा नवसू याचा नमस्कार. साष्टांग लिहिणार होतो, पण खोलीत आठ खाटा आहेत, आडवं व्हायला जमीन उरत नाही, म्हणून खाटेवर बसूनच केलाय. तेवढ्यावर भागवून घ्या. तुमचा गुडघा कसा आहे? बुवापाड्यात पाणी रोज येतं की एक दिवसाआड? मामींचं पित्त कमी झालं का? मी मजेत आहे. दिवसाला चारशे चादरींना इस्त्री मारतो. जेवण बरं आहे, फक्त डाळीत डाळ शोधावी लागते.

तुम्ही म्हणाल, फोन सोडून हा कागद कशाला काळा करतोय. कारण फोनवर तुम्ही रागावलात की मला पुढचं सुचत नाही. पत्रात तुम्हाला मधे बोलता येत नाही. माझ्या खोलीतला जनू सुट्टीवर गावी येतोय, त्याच्या हाती देतोय. मला सातवीपर्यंत श्रीपाद गुरुजींनी ढकलत नेला, त्यामुळे चुका दिसल्या तर त्यांच्या नावावर घाला. आता जे सांगणार आहे त्याचं मूळही तेच आहेत.

तुम्ही उंबरमाळला शेवटचे आलात तेव्हा धरणाचं पाणी चढलं नव्हतं, तुम्ही मोटरसायकलवरून थेट दारात उतरला होतात. आता उंबरमाळ बेट झालंय. खालची घरं उठून बदलापूरच्या बाजूला गेली, वर टेकाडावर दोनच राहिली, एक हरेशचं आणि एक आपल्या बाळी आत्याचं. (माझी आई, म्हणजे तुमची बहीण, गेल्यावर आत्यानेच मला वाढवला, हे मी तुम्हाला काय सांगायचं.) सगळ्यांनी समजावलं, ती हलली नाही. गुरुजी आपल्या वस्तीशाळेवर होते. शाळा बुडाली, गुरुजी बदलापूरला खोली घेऊन राहिले आणि तिथे बसून त्यांनी आत्यावर कादंबरी लिहिली. 'जात्यावरचं पाणी' असं नाव. दोनशे दहा पानं. आणि शेवटच्या पानावर मामा, गुरुजींनी आत्याला बुडवली. पाणी घरात येतं, ती जात्यावर बसून राहते, आणि बाहेर उंबरावर एक कावळा तिच्या पिंडाची वाट बघत बसतो, कारण पिंड ठेवायला मागे कोणी उरलेलंच नाही. संपलं पुस्तक.

लोकांनी ते वाचलं आणि रडायला बेटावर यायला लागले. आधी उल्हासनगरच्या कॉलेजातल्या पोरी आल्या, मग डोंबिवली, मग ठाणा. हरेशने होडी घेतली. आत्या घरातच होती, तिला आपण मेल्याची खबर पहिल्या पाहुण्यांकडून लागली. ती सरळ बोलली, मीच ती बाळी. तर त्यातल्या एक बाई इतक्या दुखावल्या, म्हणाल्या, मावशी, गेलेल्या माणसाची अशी थट्टा करू नये हो. तेव्हापासून आत्या स्वतःला बाळीची जाऊ सांगते आणि आलेल्या प्रत्येकाला काठावरच विचारते, "पुस्तक वाचून आलात का?" हो म्हणाला तर चहा, नाही म्हणाला तर नुसतं पाणी.

गुरुजींशी तिचं भांडण झालंच. जात्यावर बसायची रीत आहे का आपल्यात, एवढी वर्षं शाळेत काय बघितलंत, असं तिने त्यांना विचारलं. गुरुजी म्हणाले, आत्या, कादंबरी आहे, कोणीतरी मेल्याशिवाय शेवट होत नाही. आत्या म्हणाली, "मग तुमी मरायचं व्हतं. मला कशाला पुढं केलंत?" पण मामा, एक सांगतो. दोन घरांच्या बेटावर ती बाई एकटी होती, बोलायला शेळी. आता रविवारी माणसं येतात, तिच्याच घरात उभी राहून तिच्यासाठी रडतात, आणि ती त्यांना पाठीवर हात फिरवून गप करते. तिचा चेहरा उजळलाय. मेल्यावर इतकं सुख कोणाला मिळतं.

आता माझ्या सुट्टीची गोष्ट. (तुम्हाला कोणीतरी पोचवलीच असेल, पण खरी अशी आहे.) दोन वर्षांनी मी घरी गेलो. इथल्या खाण्याने अंग सुटलंय, डोळ्यांवर काळा चष्मा, डोक्यावर कंपनीची टोपी. होडीतून उतरलो तर समोर आत्या. मी हसलो. तीही हसली आणि मला म्हणाली, "पुस्तक वाचून आलात का?" मी चष्मा काढेपर्यंत तिने मला ओळखलं नाही. नंतर तोंडावरून हात फिरवला, शिव्या दिल्या, सुकटीची चटणी केली, सगळं केलं. पण ते एक वाक्य माझ्या पोटात बसलं ते बसलंच. मी उल्हासनगरला जीन्सचे धागे कापले, तिथून पळालो. अंबरनाथला बिस्किटं भरली, तिथून पळालो. वांगणीला फार्महाऊस राखलं, तिथला कुत्रा टिकला, मी नाही. तुम्हीच वैतागून एजंटकडे माझी हमी घेतलीत आणि इकडे धाडलंत. पण आजवर प्रत्येक ठिकाणाहून परत आलो की आत्या लांबूनच हाक मारायची. पहिल्यांदाच तिने मला पाहुणा केला.

जायला चार दिवस राहिले आणि हरेश तापाने पडला. होडी माझ्याकडे आली. त्याच रविवारी डोंबिवलीचं एक वाचक मंडळ, सात जण, बाळीचं वर्षश्राद्ध घालायला हजर. पुढारी शरदचंद्र सर, पांढरा झब्बा, काखेत पुस्तक. सोबत स्टीलच्या डब्यात पिंड घरूनच करून आणलेला. पुस्तकातला कावळा वाट बघत राहिलाय, त्याला मोकळा करायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. मधल्या पाण्यात होडीच्या तळातून पाणी यायला लागलं. मी घाबरून डब्याने उपसतोय (पिंडाच्या नाही, माझ्या) आणि एक काकू डोळे मिटून म्हणतात, आत्ता कळलं बाळीला काय वाटलं असेल. माझ्याकडे वळून म्हणाल्या, फार छान बसवलंय हो तुम्ही हे.

वर पोचलो. अंगणात पान मांडलं, पिंड ठेवला, सगळे हात जोडून मागे सरले. उंबरावर कावळा होताच, अगदी पुस्तकातल्यासारखा. पण शिवेना. आपली रीत तुम्हाला माहीत आहे, कावळा शिवला नाही तर गेलेल्याची इच्छा राहिलेली असते, ती ओळखून कोणीतरी शब्द द्यायचा. सरांनी सुरुवात केली. बाळीआई, तुमचं पुस्तक शाळाशाळांत पोचवू. कावळा हलला नाही. काकू म्हणाल्या, आम्ही पाणी जपून वापरू. कावळ्याने मान फिरवली. एकाने गुरुजींना पुरस्कार मिळवून द्यायचं कबूल केलं, तेव्हा तर तो चक्क पाठ करून बसला. ऊन चढलं. वारा सुटायला लागला, आणि वारा सुटला की ती होडी परत नेणं म्हणजे सात वाचकांचं खरंच वर्षश्राद्ध.

मी आत्याकडे बघितलं. ती दारात चहाचा टोप घेऊन उभी, आपलंच श्राद्ध बघत. शेवटी म्हणाली, "अरे, तिला काय पायजे ते मला इचारा ना. तिचा एक भाचा हाय. बारा गावचं पाणी पिऊन झालं त्याचं. आता घरच्या पाण्याकडं येऊन राहूं दे म्हनावं."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. सरांनी पुस्तक चाळलं आणि म्हणाले, भाचा नाही हो यात कुठे. मामा, खरंच नाही. मी परत येताना विमानात बसून शोधला. आपल्या शेळीला तीन पानं आहेत, हरेशच्या मोडक्या छत्रीला अर्धं पान आहे, मी कुठेच नाही. मी असताना ती बुडेल कशी, म्हणून गुरुजींनी मला काढून टाकलं असणार. की मी तिथे नव्हतोच म्हणून? हे मी गुरुजींना विचारलं नाही.

मी वल्हं हातात घेऊन उभा होतो. वारा वाढत होता. आत्या माझ्याकडे बघत नव्हती, टोपाकडे बघत होती. माझ्या तोंडातून निघून गेलं, "सांगा तिला. भाचा येईल. दिवाळीच्या आत येईल, होडी चालवील."

कावळा उतरला आणि सरळ भातात चोच.

सातही जण रडले. आत्या नाही रडली, चहा गरम करायला आत गेली. मी सगळ्यांना सुखरूप पार केलं, आणि चौथ्या दिवशी विमानात बसून इकडे आलो. आणि मामा, इकडेही कावळे आहेत. एक रोज लाँड्रीच्या खिडकीत येऊन बसतो, काही खात नाही, माझ्याकडे बघतो. दोन चादरी जाळल्या त्याच्यापायी. तर माझं विचारणं एवढंच आहे. वरच्या पाड्यातल्या कोंडाजीबुवांना जरा विचारा, की बाई जिवंत असेल, नुसती पुस्तकात मेली असेल, तर तिच्या पिंडासमोर दिलेला शब्द धरायचा की सोडून द्यायचा? तुम्ही माझी हमी घेतली आहे, मला तुम्हाला मान खाली घालायला लावायची नाही. बुवा सोडा म्हणाले तर इथे निमूट इस्त्री मारीन.

मामींना नमस्कार. गुडघ्याला गरम तेल लावत जा.

तुमचा,
नवसू

ता. क. पाकीट बंद केलं आणि हरेशचा फोन आला. आत्यानेच त्याला हसत हसत सांगितलं, तो कावळा तिचा आहे. रोज सकाळी तिच्या हातून सुकट खातो. त्या दिवशी तिने त्याला उपाशी ठेवला होता आणि पदराआड सुकटीची मूठ धरून उभी होती. मूठ बंद होती तोवर तो सुकटीच्या आशेने बसून राहिला, मी बोललो आणि तिने ती हळूच पदरात सोडून रिकामा हात त्याला दाखवला, तेव्हा तो भाताकडे वळला. म्हणजे मला फसवलं. म्हणजे शब्द सुटला. बुवांना विचारायची गरज नाही.

ता. क. दुसरं. नोकरी सोडतोय म्हणून सुपरवायझरला मी गेल्याच आठवड्यात सांगून टाकलंय. तिकीट धनत्रयोदशीच्या आधीचं आहे. हे पत्राच्या सुरुवातीला लिहायला हवं होतं, पण तुम्ही तिथेच थांबला असतात. एजंटला मी स्वतः भेटेन, तुम्ही मधे पडू नका. हरेशला एवढं सांगा की होडीच्या तळाला डांबर मारून घे. आणि गुरुजींना सांगा, दुसरी आवृत्ती काढलीत तर भाच्याला निदान शेळीएवढी पानं द्या.

ता. क. शेवटचं. आत्याला यातलं काही कळू देऊ नका. मी चष्मा-टोपी घालूनच उतरणार आहे. ती विचारील, पुस्तक वाचून आलात का. मी म्हणेन, वाचलं, त्यात मी सापडलो नाही, म्हणून इथे बघायला आलो.