तक्रारपेटीची किल्ली

३ मार्च, सकाळी
कारखान्यात शिरल्या शिरल्या सगळ्यांची तब्येत विचारली. आधी वहिनींची कंबर. थोरला भाऊ गेल्यापासून कटिंग त्याच बघतात. मग आमच्या हिचा गुडघा. मग सुनेचे डोळे. शेवटी इस्त्रीवाल्या मामांचा खोकला. चौघंही बघतच राहिली. वहिनींनी विचारलं, भावोजी, तुम्हाला बरं नाही का?

कृतघ्न माणसं. पण कारण आहे. आपल्या चादरी घेणाऱ्या हॉटेलवाल्यांना आता फेअर ट्रेडचं सर्टिफिकेट हवंय. म्हणजे, चादर शिवणारा सुखात आहे असा कागद. चादरीवर लोळणाऱ्याला ही पंचाईत कशाला? पांघरा आणि घोरा. पण कागद नाही तर ऑर्डर नाही, आणि दुसरं गिऱ्हाईक आहे कुठे?

संकल्प: रोज तब्येत विचारणे. महिन्याभरात सर्टिफिकेट भिंतीवर. खिळा आजच ठोकला.

५ मार्च
नियमांचं पुस्तक वाचलं. अर्धं. उरलेलं लिहिणाऱ्यालाही कळलं नसणार. कामगारांनी आपला प्रतिनिधी निवडायचा म्हणे. लगेच सभा घेतली. मी उभा राहिलो, बिनविरोध आलो. सून काहीतरी बोलणार होती, तेवढ्यात सभा संपली.

६ मार्च
तब्येत विचारायची राहिली. खिळ्याभोवती भिंतीला चुना लावण्यात वेळ गेला.

९ मार्च
तक्रारपेटी बसवली. पत्र्याची, निळी. किल्ली माझ्या कमरेला.

१६ मार्च
आठवडा झाला, एक तक्रार नाही. समोरच्या टॉवेलवाल्याकडे रोज भांड्याला भांडं लागतं. त्याला माणसं सांभाळता येत नाहीत, त्याला काय करणार?

१७ मार्च
सुनेने दाखवलं की पेटीला फट नाही. म्हटलं, ज्याला कुरकुर करायची तो वाट काढतोच. तरी पाडून घेतली. संध्याकाळी आत एक चिठ्ठी: "पंखा." बस्, एवढंच. अक्षर आमच्या हिचं. पंखा माझ्या टेबलाकडे तोंड करून आहे हे खरं. डोक्याने काम करणाऱ्याला जास्त उकडतं, हे शिवणाऱ्याला कोण समजावणार?

२२ मार्च
सर्टिफिकेटवाल्यांचा तपासनीस येणार, म्हणून रंगीत तालीम. मी तपासनीस झालो. मामांना विचारलं, इथे आनंदात आहात ना? मामा म्हणाले, शिकवलेलं सांगू की खरं? मामांना त्या दिवशी गोदामात बसवायचं ठरवलं.

२५ मार्च, दुपारी
तपासनीस आली. पोरगीच निघाली. कापडी बूट, पाठीवर दप्तर. हिला दुमड कुठली आणि शिवण कुठली, कप्पाळ कळणार. चहा नको म्हणाली.

कामगारांच्या प्रतिनिधीशी बोलायचंय म्हणाली. म्हटलं, बोला. मग मालकाशी. म्हटलं, खुर्ची बदलायची गरज नाही. मग पगारपत्रक मागितलं. मामांचं दाखवलं. बाकी तिघींचं? तेव्हा मी असा टोला हाणला की पोरगीने वहीच उघडली.

"अहो, त्या घरच्या. घरच्यांना कसला पगार? एवढ्या वर्षांत एकीनेही तोंड उघडलं नाही."

बराच वेळ लिहीत होती. भारावली असणार. मग मला बाहेर पाठवून दार लावलं आणि तिघींशी बोलली. आतून हसण्याचा आवाज. वहिनी हसलेल्या ऐकून किती वर्षं झाली असतील! शुभ लक्षण.

२ एप्रिल
नामंजूर. कारण: बिनपगारी राबवणूक. म्हणजे माझ्या प्रेमाला हे नाव! ऑर्डर थांबली.

जेवताना हिला म्हटलं, तू खूश आहेस एवढं त्या पोरीला कळवून टाक, मिटलं. ही म्हणाली, "तुम्ही कधी विचारलंत?" म्हटलं, रोज विचारतो. "गुडघ्याला विचारता," म्हणाली आणि ताटं उचलून आत गेली. माझं जेवण व्हायचं होतं.

११ एप्रिल
कारखान्याचे दोन भाग झाले, मशिनी वहिनींच्या बाजूला गेल्या. अर्धा कारखाना थोरल्या भावाचा, म्हणजे आता त्यांचा, हे जरा विसरलो होतो. तिघी सारख्या वाटणीने काम करणार. मामाही गेले, इस्त्रीसकट. चालू दे. आठ दिवसांत रडत येतील. तेव्हा फार ताणायचं नाही, मोठ्या मनाने घ्यायचं.

३० एप्रिल
अजून रडत नाहीत. माझ्याकडे पंखा आहे.

१९ जून
त्यांना सर्टिफिकेट मिळालं. हॉटेलवाले तिकडे वळले. सून खिळा मागायला आली. दिला.

२६ जून
देखरेखीला म्हणून तिकडे जाऊ लागलो. जाता जाता अभ्र्यांच्या घड्या घालतो. माझ्या घडीचा कोपरा जरा निसटतो; दोष कापडाचा. आज सहज पगाराचं काढलं. हिने सुईवरून नजरही उचलली नाही.

"अहो, तुम्ही तर घरचे."

मामा खोकायचं विसरून हसले. मग वहिनी म्हणाल्या, नियम म्हणजे नियम, भावोजींनाही पगार लागणार. पण आधी घडी सरळ येऊ दे.

पेटी आता तिकडेच आहे, पंखाही. किल्ली वहिनींच्या कमरेला. सगळे चहाला उठल्यावर चिठ्ठी टाकली. नक्कल इथे ठेवतो:

"पंखा जरा घड्यांच्या बाजूला वळवावा. शिवाय, इथे आल्यापासून माझी तब्येत एकानेही विचारलेली नाही. उत्तर लवकर लिहावे, वाट बघतो."