पाठ केलेलं कार्ड

आई, तुम्हाला वाचता येत नव्हतं, आणि आता मलाही येत नाही. एवढं एक वाक्य लिहायला फार वेळ लागला. हात दुखतो म्हणून नाही. लिहिता मला येतं, आणि हेच कुणाला पटत नाही. डोक्यात रक्ताची गुठळी अडकली त्या सकाळी मी नेहमीसारखा पेपर उघडला आणि वाटलं, पोऱ्यानं चुकून कानडी पेपर टाकलाय. तुमच्या नातवाला हाक मारली. तो म्हणाला, "मम्मी, मराठीच आहे ना." हातपाय चालतात, बोलणं ठीक आहे, फक्त अक्षरं गेली. डॉक्टर म्हणाले, क्वचित होतं असं, माणूस लिहितो पण स्वतःचं लिहिलेलंही त्याला वाचता येत नाही. आत्ता वरची ओळ बघतेय. माझ्याच हातची आहे, पण मला ओळख देत नाही.

कोपरखैरण्याच्या त्या स्वयंपाकघरात आपण दोघी मावत नव्हतो. तुमचा मुलगा वाशीच्या मार्केटमध्ये माथाडी, दिवसभर पाठीवर पोती, आणि घरी येताना फळांच्या पेट्यांत घातलेले जुने पेपर घेऊन यायचा. चौथीत शाळा सुटलेली मी, त्या चुरगळलेल्या कागदांवरच वाचायला शिकले. जेवणं झाली की तुम्ही म्हणायचात, "तू वाच. भांडी मी बगते. पर मोट्यानं वाच, मला बी कळू दे." शेजारीण एकदा दारातून म्हणाली, "सून पेपर वाचतीय आन सासू भांडी घासतीय, चांगलंय तुमचं." तुम्ही मान वर न करता सांगितलंत, "तू वाचाय शीक, तुजी बी घासते." तेव्हापासून मी वाचतच राहिले. तुम्ही गेलात, मग तुमचा मुलगाही गेला, आणि लायब्ररीतून आणलेली पुस्तकं दुपारभर मांडीवर राहिली. दुसरं काही मला सुचत नव्हतं. आता मांडी रिकामी असते.

वाशीच्या डेपोत तुम्ही कुणालाही थांबवायचात. "ह्यी बस कुटं जातीया रं? मला वाचता येत न्हाय." सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं. मी पदर ओढून हळूच म्हणायचे, "आई, मला विचारा की, मी आहे ना." एके दिवशी तुम्ही तिथंच मला झापलंत. "वाचता येत न्हाय, तर काय कुनाची चोरी केलीया का मी? येतंय म्हनून बसले आन भलतीकडंच गेले, मग?" माझे कान तापले होते. घरी येईपर्यंत मी तुमच्याशी बोलले नाही. परवा खारघरला स्टॉपवर उभी होते, दोन बस सोडल्या, तिसरीला शेजारच्या मुलीला विचारलं आणि वर म्हणाले, "चष्मा विसरलेय गं." ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. चष्मा नाकावरच होता.

पण मी सांगणार आहे ते हे नाही. तुमचा नातू मला नेरुळला एका दवाखान्यात घेऊन जातो. तिथली मुलगी केसांत भांग पाडून, चिकट जेल लावून डोक्याला छोट्या चकत्या बसवते. समोर पडद्यावर एक पतंग असतो. मेंदू जसा चालतो तसा तो वर जातो, खाली येतो. दोरी हातात नाही, काही नाही. न्यूरोफीडबॅक म्हणतात त्याला. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, हमी नाही, बाकीच्या सरावाला जोड म्हणून करून बघू. पहिल्या दिवशी मी दात आवळून पतंग वर ढकलत होते आणि तो खाली खाली. "काकू, जोर नका लावू ना. टेन्शन सोडा," ती म्हणाली. सोडायचं कसं, ते कुणी शिकवलं नव्हतं मला. मग तिनं एक चकती नीट बसवायला पुन्हा भांग पाडला, आणि रविवारी तुम्ही मला पुढ्यात बसवून तेल लावायचात ते आठवलं. मी लग्न होऊन आलेली बाई, आणि तुम्ही मान धरून म्हणायचात, "हालू नगो." पतंग वर गेला आणि तिथंच राहिला. मुलगी म्हणाली, "बघा, जमलं."

दर खेपेला शेवटी ती वाचायला एक कार्ड देते. लहान मुलांच्या पुस्तकातल्यासारखं काहीतरी, अंगणात पेरूचं झाड, त्यावर येणारा पोपट. मी जाडजाड पुस्तकं संपवणारी, आणि पोपटापाशी अडायचे. तिथल्या खोल्यांमध्ये नुसतं पातळ पार्टिशन आहे. माझ्या आधीचे आजोबा तेच कार्ड मोठ्यानं वाचायचे, आणि बाकावर बसून बसून ते मला पाठ झालं. एका दिवशी नातू सोबत होता. मी कार्ड हातात धरलं आणि घडाघडा म्हणून टाकलं. मध्ये दोनदा मुद्दाम अडखळले. ती मुलगी टाळ्या वाजवायला लागली. नातवानं बाहेर येऊन सगळ्यांना फोन केले. आई, त्याचा चेहरा बघून मला खरं सांगवेना.

तिथंच विसाव्याला एक म्हातारा बसला होता, उलव्याकडच्या जुन्या गावातला, बायकोला घेऊन आलेला. ती बाई सगळं विसरत चालली होती. त्यानं टाळ्या ऐकल्या होत्या. म्हणाला, "ताई, खरं सांगा, फरक हाय का? हिला आता माझं नाव पन ऱ्हात नाय. घरी सून हिला अंगनात फिरवते, गानी म्हनते. त्ये सोडून इथं आनू का, समजत नाय." नातू शेजारी उभा होता. मी म्हणाले, "आहे. खूप फरक आहे."

पुढच्या खेपेला पार्टिशनपलीकडून ती बाई रडत होती. "काढा, काढा," म्हणत डोक्यावरच्या चकत्या ओढत होती, आणि तो तिला समजावत होता, "जरा दम धर, त्या ताईंना वाचाय येतंय आता." माझ्या डोक्याला तेव्हा चकत्या लागल्या होत्या. पतंग सरळ खाली आला. मुलगी म्हणाली, "काय झालं काकू?" मी चकत्या काढायला लावल्या आणि बाहेर बाकावर येऊन बसले.

म्हातारा बायकोला घेऊन बाहेर आला, खिशातून दवाखान्याचं पत्रक काढून माझ्यापुढे धरलं. "एवढं वाचून सांगा. हिच्यासारख्यांचं काय लिवलंय यात?" मी ते हातात घेतलं, आणि आई, अगदी तुमच्या आवाजात नाही, पण म्हणाले, "मला वाचता येत नाही."

"मंग त्या दिशी?"

"पाठ केलं होतं. पतंग वर जातो माझा, ते खरं. वाचता येत नाही. तुमच्या बाईंना उपयोग होईल की नाही, मला माहीत नाही. मी खोटं बोलले."

तो चिडला असता तर बरं झालं असतं. त्यानं रुमाल काढून बायकोच्या केसांतलं जेल पुसलं, फार हळू पुसलं, आणि तिला विचारलं, "घरी जायाचं?" तिनं मान हलवली. दारातून वळून मला म्हणाला, "मला सांगितलं असतं त्याच दिशी, तर हिचं रडनं वाचलं असतं." मग गेले. पुन्हा ते दिसले नाहीत.

मुलीलाही मी सांगितलं.  "काकू, तुम्हाला वाचता येतंय असं मी डॉक्टरसरांना सांगितलं होतं हो," ती म्हणाली, आणि कपाटातून दुसरं कार्ड काढलं. ते मला पाठ नव्हतं. बोटानं एकेक अक्षर गिरवत गेले; बोटाला कळतं ते डोळ्यांना मागून कळतं. पूर्ण तास गेला आणि एक ओळ झाली. विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायकांबद्दल होती.

हे पत्र तुम्हाला कोण वाचून दाखवणार? गावाकडून आलेली पत्रं मीच दाखवायचे वाचून, तुम्ही भांडी थांबवून ऐकायचात. म्हणून हे, ती पत्रं तुम्ही ठेवायचात त्या जुन्या डब्यात ठेवून देते. आणि एक राहिलं. म्हाताऱ्याला सांगितलं, मुलीला सांगितलं, नातवाला अजून नाही. त्या दिवशी आनंदानं त्यानं मला एक जाड पुस्तक आणून दिलंय. ते उशाशी असतं, आणि ऑफिसला जाताना तो त्यातली खूण कुठवर आली ते बघतो. आज सकाळीही मी ती थोडी पुढे सरकवून ठेवली.