स्वानंदीच्या भुवया

डब्लिन, ओहायो
१९ ऑक्टोबर २००६

सौ. पद्मिनीस,

आशीर्वाद नेहमीचेच. डोळ्याचं ऑपरेशन नीट झाल्याचं फोनवर कळलं. थेंब घालायचा कंटाळा करू नकोस. हे पत्र उजेडात बसून सावकाश वाच, पण शेजारच्या मालिनीवहिनींना वाचून दाखवायला सांगू नकोस.

मी बरा आहे. थंडी पडायला लागली आहे, झाडं लाल झाली आहेत. प्रसाद सकाळी गाडी घेऊन ऑफिसला जातो तो अंधार पडल्यावर येतो. म्हणजे दिवसभर घरात मी, आणि बहुतेक दिवस घरूनच काम करणारी आपली सून. तिच्याबद्दल लिहायचं म्हणूनच हे पत्र. फोनवर बोलायची सोय नाही, ती इथेच असते.

तू म्हणशील, लागले संशय घ्यायला. अगं, जन्मभर फूड इन्स्पेक्टर होतो. दुकानदार गोड बोलायला लागला की मी आधी तिखटाचं पोतं उघडायला लावायचो. माणूस रिटायर होतो, सवय होत नाही.

उन्हाळाभर स्वानंदी अलास्काच्या पार वरच्या टोकाला एका गावात होती, हे तुला माहीत आहे. युनिव्हर्सिटीतल्या तिच्या विभागातले लोक ध्रुवाकडचा बर्फ किती वितळला ते मोजतात. ही तो वितळल्यावर तिथल्या माणसांच्या तब्येतीचं काय होतं ते बघते. पण तिथून आली ती बदलूनच. काही विचारलं की तोंडाने उत्तर नाही, नुसत्या भुवया उडवते. ‘चहा घेणार का गं?’ भुवया. ‘प्रसादचा फोन आला होता?’ भुवया. कधी चक्क नाक मुरडते. सासऱ्यासमोर!

मग मी लक्ष ठेवायला लागलो. गॅरेजमधल्या फ्रीझरच्या तळाशी एक पुडकं होतं. उघडलं. रागावू नकोस, दुसरा कोणी असता तर त्यानेही उघडलं असतं. काळी जाड कातडी आणि तिला चिकटलेली पांढरी चरबी!

‘‘देवमासा आहे, बाबा. तिकडच्या आजींनी दिलाय,’’ ती म्हणाली.

‘‘तू खातेस हे?’’

भुवया वर.

आपल्या घरात अंडंसुद्धा शिजलं नाही कधी. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. प्रसादला सांगितलं तर म्हणतो, ‘‘बाबा, चिल. तिचा रिसर्च आहे यार.’’ बायकोला एका शब्दाने विचारायचं नाही, असं त्याने ठरवलेलं दिसतं.

वर तिला फोनवर कुणाला तरी सांगताना ऐकलं, ‘‘मला परत जावंच लागेल.’’ मी मनाशी पक्कं केलं की ही पोरगी प्रसादला सोडून जाणार. इतके दिवस फोनवर ‘सगळं छान’ म्हणत होतो ते खोटं होतं. माझी झोप उडाली होती.

आणखी एक गोष्ट आहे. ती लिहायची नव्हती, पण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. एका सकाळी प्रसाद गेल्यावर ती सिंकवर ओणवी उभी होती. फोडणीचा वास तिला सहन होईना. तू असतीस तर तूच विचारलं असतंस. नाइलाजाने मी विचारलं, ‘‘काही विशेष आहे का?’’ भुवया. ‘‘प्रसादला सांगितलंस?’’ नाक मुरडलं. माझी थट्टा आणि माझ्या मुलाचा तिटकारा, दोन्ही एका दमात! मी तडक खोलीत गेलो आणि दार लावून घेतलं.

परवा ती लॅपटॉपवर तिकडची एक मुलाखत बघत होती. मी मागून डोकावलो. तिकडे गोठलेल्या जमिनीत खोल तळघरं खणून मांस साठवतात, तोच त्यांचा फ्रीज. आता ती जमीनच विरघळायला लागली आहे. स्वानंदी एका आजीला विचारत होती, तळघरात पाणी शिरलं का, मांस नासलं का, नातवंडांची पोटं बिघडली का. आजी ओठ उघडेना. नुसत्या भुवया.

‘‘ही बाई तर तुला भीकच घालत नाहीये,’’ मी म्हणालो. खरं सांगतो, जरा बरंही वाटलं.

ती हसली. ‘‘बाबा, ती प्रत्येक वेळी येस म्हणतेय. तिकडे भुवया वर केल्या की हो, नाक मुरडलं की नाही. आधीच्या टीमला हे माहीतच नव्हतं. त्यांनी सगळीकडे ‘उत्तर दिलं नाही’ असं टिक केलं, आणि रिपोर्टमध्ये काय आलं, तर लोकांना काही प्रॉब्लेम नाही! म्हणून तर परत जाऊन सगळ्यांना विचारायचंय. मलापण त्या भुवयांची सवयच लागलीये.’’

चहाला ती हो म्हणत होती. आणि त्या सकाळी?

‘‘म्हणजे त्या दिवशी सिंकपाशी तू मला हो म्हणालीस?’’

तिचं हसू गेलं. ‘‘मी सगळ्यांत आधी तुम्हाला सांगितलं, बाबा. तुम्ही दार लावून घेतलंत. मला वाटलं, मी ते मांस खाल्लंय म्हणून तुम्हाला हे बाळ नकोय.’’

पद्मिनी, त्या मांसात पारा असतो, आणि तो पोटातल्या बाळाला बाधतो. तिथल्या बायकांच्या रक्तातला पाराच ही तपासते. ज्यांच्या घरी बसून प्रश्न विचारायचे त्यांच्या ताटाला नको म्हणणं तिला जमलं नाही, म्हणून उन्हाळाभर तेच खाल्लं. आता तिचं स्वतःचं रक्त तपासायला गेलंय. डॉक्टरीणबाई म्हणतात, बहुतेक काळजीचं कारण नाही. ‘बहुतेक’ हा शब्द मीही नोकरीत पुष्कळ वापरला आहे, त्यामुळे माझा त्याच्यावर काडीचा विश्वास नाही. रिपोर्ट आल्याशिवाय प्रसादला सांगायचं नाही, असं तिचं म्हणणं. त्याला आधी आनंद आणि मग भीती, असं नको म्हणते. तूही फोनवर बोलून जाऊ नकोस.

तेव्हा माझा संशय गेला असं समजू नकोस. सुनेवरचा उठला आणि त्या रिपोर्टवर जाऊन बसला, इतकंच.

त्या वेळी मी तिला काय उत्तर दिलं ते सांगतो. मान हलवली नाही, डोक्यावर हात ठेवून भागवलं नाही. तिच्यासमोर उभा राहिलो आणि मोठ्यांदा म्हणालो, ‘‘हवंय. जसं येईल तसं हवंय.’’ ती रडली. मीही रडलो, तुझ्यापासून काय लपवायचं.

तुझा व्हिसा आहेच. डोळ्याच्या डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलं की निघ. पोरगी भ्यायली आहे आणि तिला जवळ घेणारं घरात कोणी बाईमाणूस नाही.

तुझी वाट बघणारा, आणि रिपोर्ट काहीही येवो, आजोबा,

दिगंबर